गोंदियाला सांगणारे पुष्कळ, ऐकणारा कोण?

२०२४ सालच्या पावसाळ्यात राज्य शासनाने 'मुख्यमंत्री योजनादूत' नावाची एक कल्पना पुढे आणली. ग्रामीण भागात प्रत्येक ग्रामपंचायतीमागे एक आणि शहरात पाच हजार लोकसंख्येमागे एक, असे राज्यभर ५० हजार तरुण नेमायचे, त्यांनी घरोघर जाऊन शासनाच्या योजना समजावून सांगायच्या, मुदत सहा महिने आणि मानधन दरमहा १० हजार रुपये, असे तिचे स्वरूप होते. पात्रता म्हणजे वय १८ ते ३५, संगणकाची जाण आणि कोणत्याही शाखेची पदवी. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे हे दूत योजनांचे की पक्षाचे, असा प्रश्न लगेच विचारला गेला आणि तो गैरलागू होता असे म्हणता येणार नाही. पण त्या गदारोळात दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाले.

पहिली अशी की, शासनाचे म्हणणे आपोआप गावापर्यंत पोहोचत नाही, याची ती एक प्रकारची कबुलीच होती. माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, जिल्ह्याजिल्ह्यांतील माहिती कार्यालये, 'लोकराज्य' मासिक, आकाशवाणी, दूरदर्शन आणि आता प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल एवढे सगळे असूनही ५० हजार माणसे दारोदार पाठवावी लागतील असे सरकारला वाटले. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. गुरांना टोचायला कोणताही पदवीधर चालेल असे कोणी म्हणत नाही. माणसांना समजावून सांगायला मात्र कोणीही चालतो! जनसंपर्क आणि संज्ञापन हे शास्त्र आहे, ते विद्यापीठांत शिकवले जाते, त्यात नेट-सेट आणि पीएच.डी. केलेली मुले याच राज्यात तासिका तत्त्वावर दिवस ढकलत आहेत, हे या पात्रतेच्या रकान्यात कोणाच्या गावीही नव्हते.

हा विसंवाद महाराष्ट्रात कोठेही दाखवता येईल. पण तो नीट पाहायचा तर राज्याच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यात जावे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार १३ लाख २२ हजार. साक्षरता जवळजवळ ८५ टक्के आणि हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया. म्हणजे 'मागास, निरक्षर' ही सोयीची सबब येथे चालणार नाही. माणसे वाचतात. प्रश्न आहे तो कोणत्या भाषेत आणि कोणाच्या तोंडून ऐकतात याचा. गोंदिया शहराच्या बाजारपेठेत हिंदी चालते. आमगाव, गोरेगावकडे घराघरांत पोवारी बोलली जाते. अर्जुनी मोरगावच्या बाजूला झाडीबोली, देवरी-सालेकसाच्या जंगलपट्ट्यात गोंडी आणि सरहद्दीलगत छत्तीसगढी. कार्यालयातली मराठी ही येथल्या बऱ्याच जणांची तिसरी भाषा असते. देशात २०११ साली सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला आजही जागा नाही.

अशा ठिकाणी एक निरोप चुकला तर काय होते, याचे रोख रुपयांतले उदाहरण घेऊ. डिसेंबर २०२३मध्ये, नागपूर अधिवेशनात, धान उत्पादकांना हेक्टरी २० हजार रुपये, कमाल दोन हेक्टरपर्यंत, प्रोत्साहन राशी जाहीर झाली. त्याआधीच्या वर्षी ती १५ हजार होती. ही रक्कम शासकीय खरेदीसाठी नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांसाठी होती. नोंदणीला सातबारा लागतो, सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते, आणि ही नोंद २०२१च्या ऑगस्टपासून राज्यभर 'ई-पीक पाहणी'च्या ॲपवर शेतकऱ्याने स्वतः, बांधीत उभे राहून, मोबाइलवर छायाचित्र काढून करायची अशी पद्धत आली. आता दोन शेजाऱ्यांची कल्पना करा. एकाच धुऱ्याच्या दोन्ही अंगांना त्यांच्या बांध्या. रोवणी एकाच आठवड्यात, पुंजणेही शेजारीशेजारी. एकाला नोंदणीची मुदत वेळेवर कळली, दुसऱ्याला कळली नाही, किंवा कळूनही रेंज मिळाली नाही. पहिल्याच्या खात्यात ४० हजारांपर्यंत रक्कम येऊ शकते, दुसऱ्याच्या नाही. धान सारखेच, पाऊस सारखाच. फरक फक्त माहितीचा. ज्या विषयाला महाविद्यालयात 'सॉफ्ट' म्हणून नाके मुरडली जातात, त्याची किंमत ही अशी असते.

यावर कार्यालयांचे उत्तर ठरलेले आहे: आम्ही प्रसिद्धी केली होती. प्रेसनोट गेली, फ्लेक्स लागला, व्हॉट्सॲपच्या गटावर परिपत्रक टाकले, कोतवालाने दवंडीही दिली. ते खरेही असते. पण प्रसिद्धी आणि जनसंपर्क या एकच गोष्टी नव्हेत, हे सांगण्यात या शास्त्राने शंभर वर्षे घालवली आहेत. एडवर्ड बर्नेज यांनी १९२३ साली न्यूयॉर्क विद्यापीठात जनसंपर्काचा अभ्यासक्रम शिकवायला सुरुवात केली. पुढे १९८४ साली जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट यांनी जनसंपर्काच्या चार पायऱ्या मांडल्या. नुसता डांगोरा ही पहिली, खरी पण एकतर्फी माहिती ही दुसरी. तिसरीत लोकांचा अभ्यास करून त्यांना आपल्याकडे वळवायचे असते, आणि चौथीत लोकांचे ऐकून प्रसंगी स्वतःच बदलायचे असते. नेट परीक्षेला बसणारा प्रत्येक विद्यार्थी या चार पायऱ्या पाठ करतो. आपली जिल्हा यंत्रणा दुसऱ्या पायरीवर उभी आहे, आणि निवडणुका जवळ आल्या की ती पहिलीवर उतरते, हे मात्र त्याला कोणी उत्तरपत्रिकेत लिहायला सांगत नाही.

ग्रुनिग यांच्याच हाताखाली मेरिलँड विद्यापीठात कृष्णमूर्ती श्रीरमेश या भारतीय अभ्यासकाने १९९२ साली डॉक्टरेट मिळवली. त्यांनी दक्षिण भारतातील संस्थांत जाऊन प्रत्यक्ष कामकाज पाहिले आणि गुरूंच्या चार चौकटींत न बसणारी एक पाचवी गोष्ट टिपली. येथला जनसंपर्क चालतो तो व्यक्तिगत ओळखीवर, पाहुणचारावर, भेटवस्तूंवर, 'आपला माणूस' गाठण्यावर. पुढे त्यांची अध्यापकीय कारकीर्द फ्लोरिडा, सिंगापूर, न्यूझीलंड, पुन्हा अमेरिका अशी फिरली आणि 'व्यक्तिगत प्रभावाचे प्रारूप' जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. गोंदियाच्या कोणत्याही तहसील कचेरीबाहेर चहाच्या टपरीवर पाच मिनिटे उभे राहिलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. पण तेच तर महत्त्वाचे! आपल्या टपरीवरचे ज्ञान शास्त्र व्हायला मेरिलँडपर्यंत जावे लागले. आणि ते शास्त्र झाल्यावरही आपण ते परत टपरीवर आणले नाही. ओळखीवर चालणाऱ्या व्यवस्थेत ज्याची ओळख नाही त्याचे काय, हा सालेकसाच्या आदिवासी बाईचा प्रश्न अजून कोणाच्या प्रबंधाची वाट पाहत आहे.

विदर्भात या विषयाची परंपरा नाही असे कोणी समजू नये. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, १९५२ साली, तेथील हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले. सिराक्यूज विद्यापीठातले रोलंड वूल्सली त्यासाठी फुलब्राइट अध्यापक म्हणून आले होते. पुढे देशातल्या संज्ञापन शिक्षणाचे एक आधारस्तंभ ठरलेले के. ई. ईपन याच हिस्लॉपमध्ये शिकवत असत. नंतर ते केरळ आणि बंगळूरच्या विद्यापीठांत गेले. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विभाग १९६४चा, दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ची. म्हणजे या बाबतीत नागपूर दोघांच्याही पुढे होते. त्या काळी भंडारा जिल्ह्यात असलेले गोंदिया नागपूरहून रेल्वेने जेमतेम १३० किलोमीटर. ज्ञान मात्र तेवढेही अंतर चालून आले नाही. गेली ती आपली मुले, उलट दिशेने.

आणि संवाद म्हणजे ऐकणे, हा धडा मराठी मातीत १९५६ सालीच गिरवला गेला होता. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत 'शेतकरी श्रवण मंडळे' बसवली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. पंधरा-वीस गावकरी एकत्र बसून ऐकत, त्यावर बोलत, आणि मग त्यांचे प्रश्न लिहून केंद्राकडे जात. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीने त्याचे मूल्यमापन केले. मंडळे असलेली गावे आणि नसलेली गावे ताडून पाहिली, तेव्हा नुसता रेडिओ असण्यापेक्षा रेडिओभोवती बसून बोलणाऱ्यांच्या ज्ञानात ठळक वाढ दिसली. ग्रुनिग यांचे पुस्तक यायला अजून २८ वर्षे होती. १९५९पासून हा प्रयोग देशभर नेण्यात आला आणि सरकारी योजनांचे जे होते तेच त्याचे झाले. मंडळांची संख्या वाढत गेली, पत्रोत्तरे आटत गेली.

पुढे उपग्रह आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' प्रयोगातून सहा राज्यांतील २,४०० गावांना दूरचित्रवाणी दाखवली गेली. त्यात मध्य प्रदेशातला रायपूर परिसर होता. महाराष्ट्र नव्हता. म्हणजे सरहद्दीपलीकडच्या गावांत शेतीचे कार्यक्रम उपग्रहावरून उतरत होते आणि अलीकडे सालेकसाला त्याचा पत्ता नव्हता. या प्रयोगाचे ढीगभर संशोधन झाले; त्यावर कित्येकांच्या कारकिर्दी उभ्या राहिल्या. सरहद्दीच्या अलीकडची गावे त्या संशोधनात तुलनेसाठी तरी घ्यावीत, असे वाटणारा अध्यापक गोंदियात असता तर? असो. जर-तरला अर्थ नाही.

परदेशी पुस्तकांतले सिद्धान्त येथे किती लागू पडतात, याची कसोटी पाहायला धानपट्ट्याइतकी चांगली जागा नाही. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली नवकल्पनांच्या प्रसाराचा सिद्धान्त मांडला. प्रयोगशाळेत काहीतरी निघते, विस्तार अधिकारी ते गावात नेतो, पुढारलेला शेतकरी आधी उचलतो, बाकीचे मागून येतात. १९७६पर्यंत रॉजर्स स्वतःच कबूल करू लागले की, वरून खाली वाहणाऱ्या या विकासविचाराचे दिवस सरले. आणि त्यानंतर काही वर्षांतच, १९८३ साली, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाच्या अल्पभूधारक शेतकऱ्याला आपल्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्याने त्या निवडल्या, वाढवल्या आणि त्या धानाला तेव्हाच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचे नाव दिले: एचएमटी. हे धान कोणत्याही विस्तार अधिकाऱ्याशिवाय, फ्लेक्सशिवाय, पायलीपायलीने, सोयऱ्याधायऱ्यांतून साऱ्या धानपट्ट्यात पोहोचले. आज गोंदियाच्या कुठल्याही किराणा दुकानात एचएमटी तांदूळ मागा, दुकानदार 'म्हणजे काय' असे विचारणार नाही.

संज्ञापनाच्या अभ्यासकाला यात दोन विषय आहेत. पहिला, निरोप असा बिनबोभाट कसा गेला? सासर-माहेर, आठवडी बाजार, रोवणीच्या मजूर स्त्रियांचे गावोगाव जाणे यांचे जाळे कोणी रेखाटले आहे काय? दुसरा विषय अधिक बोचरा आहे. बियाणे गेले तसे नाव गेले नाही. कृषी विद्यापीठाने त्यावर शुद्धीकरणाचे काम करून १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' वाण प्रसारित केले. श्रेय मिळाले नाही, ही खोब्रागडे यांची तक्रार अखेरपर्यंत राहिली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला, २०१० साली 'फोर्ब्स'च्या यादीत त्यांचे नाव आले, आणि ३ जून २०१८ रोजी हलाखीतच ते वारले. ज्या माणसाचे काम सर्वांच्या ताटात आहे त्याचे नाव कोणाच्या तोंडी नाही! जनसंपर्काच्या वर्गात साबणाच्या कंपनीची मोहीम शिकवण्याऐवजी हे एक उदाहरण सत्रभर शिकवावे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

पण शिकवणार कोण? आता कारकिर्दीचा रोकडा हिशेब मांडू. आमगावचा एक मुलगा किंवा मुलगी पदवीनंतर या विषयाकडे वळते असे समजा. गोंदियातली महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न. या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी बहुतेकांना नागपूरची गाडी धरावी लागते, कोणी रायपूर, भोपाळ, वर्धा किंवा अमरावती गाठते. पुढे 'जनसंचार व पत्रकारिता' विषयात नेट किंवा सेट. मग पीएच.डी. या वाटेवरची पाटीसुद्धा स्थिर नाही. २०१८च्या विनियमांनी विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकपदाला २०२१पासून पीएच.डी. सक्तीची ठरवली, मग ती मुदत पुढे गेली, आणि २०२३मध्ये पुन्हा नेट-सेट पुरेशी झाली. शोधनिबंध कोठे छापावेत यासाठी अनुदान आयोगाने 'केअर' यादी आणली. २०२५मध्ये तीही मोडीत निघाली. दरम्यान वय पस्तिशीकडे झुकलेले असते आणि हाती असते ते तासिका तत्त्वावरचे पत्र. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्ट्यांचे नाहीत, पुढच्या जूनची शाश्वती नाही. सर्वच विषयांच्या तरुण अध्यापकांचे हे दुखणे आहे, पण इतिहास-मराठीला निदान प्रत्येक महाविद्यालयात एक खुर्ची असते. संज्ञापनाला बहुतेक ठिकाणी ती विनाअनुदानित अभ्यासक्रमाच्या कोपऱ्यात असते, म्हणजे असून नसल्यासारखी.

मग जे व्हायचे तेच होते. स्पर्धा परीक्षेतून कोणी माहिती अधिकारी होतो, कोणी नागपुरातल्या मोठ्या रुग्णालयात जनसंपर्क अधिकारी, कोणी मुंबईच्या एजन्सीत. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहूनच सुटते, ती सोय उत्तम आहे! यात त्या मुलांचा दोष काहीच नाही. तक्रार आहे ती विद्यापीठीय व्यवस्थेबद्दल. बढतीचे गुण मिळतात ते 'समाजमाध्यमांचा तरुणांवरील परिणाम' अशा, कुठेही बसणाऱ्या आणि कोठेच न रुतणाऱ्या, विषयांवरच्या निबंधांना. शंभर प्रश्नावल्या वाटायच्या, टक्केवारी काढायची, निष्कर्ष आधीच माहीत. गोंडी शिकून दोन वर्षे देवरी तालुक्यात राहायचे, तर त्याचे गुण कोणत्या रकान्यात भरायचे?

आणि तेथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. २०१३पासून गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी वनहक्क कायद्याच्या आधारे तेंदूपत्त्याचे संकलन आणि विक्री स्वतःच्या हाती घेतली. कायद्याची इंग्रजी, परिपत्रकाची मराठी, ठेकेदाराची हिंदी आणि सभेतली गोंडी या चार भाषांतून एक निर्णय कसा पार पडतो? त्या सभेत कोण बोलते, कोण गप्प बसते, बाया केव्हा उठून जातात? संज्ञापनाची याहून मोठी प्रयोगशाळा कोणत्या विद्यापीठाला मिळणार? तीच गोष्ट सारस पक्ष्याची. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि शेजारच्या परिसरात, तोही अभयारण्यात नव्हे तर शेतकऱ्याच्या बांधीत. घरटे राखायचे तर त्या जागेचे धान सोडावे लागते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली, हे खरे. पण घरटी वाचतात ती स्थानिक पक्षिप्रेमींनी वर्षानुवर्षे धुऱ्यावर बसून शेतकऱ्यांशी केलेल्या बोलण्यामुळे. त्या बोलण्याची कोणी नोंद ठेवली आहे काय?

सर्वांत नाजूक बाब सिकलसेलची. विदर्भाच्या या पूर्व पट्ट्यात हा आनुवंशिक आजार जुना आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७पर्यंत आजार संपवायचा, असे उद्दिष्ट आहे. येथे निरोपातला एक शब्द आयुष्य फिरवू शकतो. आरोग्य खात्याच्या भाषेत 'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे रुग्ण. वाहक धडधाकट असतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, म्हणून लग्नाआधी तपासणी करा, एवढेच सांगायचे असते. पण हा निरोप तीन भाषा ओलांडून घरात शिरेपर्यंत 'पोरीच्या रक्तात दोष आहे' असा होऊ शकतो. मग लोक तपासणीलाच येईनासे होतात, आणि आकडेवारीत त्याला 'अल्प प्रतिसाद' म्हणतात. ही चूक डॉक्टरची नाही, तंत्रज्ञाचीही नाही. वाक्य कसे बोलावे, कोणासमोर बोलावे, मुलाच्या आईला एकटीला गाठून की दोघा नवराबायकोला बरोबर बसवून, हे कोणीतरी गावात राहून तपासून ठरवायला हवे होते. तो आरोग्य विभागाइतकाच संज्ञापन विभागाचा विषय आहे.

त्यासाठी गोंदियात काचेची इमारत नको, स्टुडिओ नको. नागपूर विद्यापीठाने दोन कायम अध्यापकांच्या जागा येथे द्याव्यात. त्यांतल्या एकाला गोंडी येत असावी आणि दोघांच्याही बढतीत गावात काढलेले महिने मोजले जावेत. 'योजनादूतां'साठी सहा महिन्यांचा जो खर्च राज्यभर धरला होता, तो ५० हजार गुणिले १० हजार गुणिले सहा, म्हणजे ३०० कोटी रुपये. त्याच्या एका कोपऱ्यातून अशा जागा कित्येक वर्षे चालतील.

तोवर जिल्ह्याचा खरा जनसंपर्क आशा सेविका करते आहे. ती गावचीच असते, तिला घरची भाषा येते, कोणाच्या सुनेचे काय चालले आहे हे तिला ठाऊक असते. तिच्या नोंदवहीत गरोदर माता किती, लसीकरण किती, तपासण्या किती, याचे रकाने आखलेले आहेत. लोकांनी काय विचारले, आणि तपासणीला नको म्हणताना नेमके काय कारण सांगितले, याचा रकाना नाही. दोनांपैकी पहिल्या अध्यापकाने आपला पहिला प्रबंध त्या रकान्यापासून सुरू करावा.